राष्ट्राध्यक्षाच्या जखमेतली बोटं

लिंकनच्या खुनाबद्दल बोलायला इतिहासकार आहेत. केनेडीबद्दल तर ज्याला त्याला काहीतरी म्हणायचंच असतं. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड याच्याबद्दल मात्र ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरनं बोलायला हवं, असं मला वाटतं. मी ती नोकरी निवृत्तीपर्यंत केली, एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. गारफिल्डवर गोळी झाडली एका माथेफिरूनं. पण तो गेला, कारण त्याच्या खोलीत डॉक्टरला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. पुढे अमेरिकेनं खटला चालवला, फाशी दिली, कायदाही केला. त्या खोलीचा हिशेब मात्र कुणी मागितला नाही.

माणूस मोठा गुणी होता. ओहायोतल्या लाकडी झोपडीत जन्मलेला, बाप तान्हेपणीच गेलेला. पोरवयात कालव्यावरच्या नावा ओढणाऱ्या जनावरांमागे चालला, शाळेत झाडलोट करून शिकला आणि पुढे त्याच संस्थेचा प्राचार्य झाला. पायथागोरसच्या प्रमेयाची समलंब चौकोनातून काढलेली एक सुटसुटीत सिद्धता त्याच्या नावावर आहे. ती 1876 साली छापून आली, तेव्हा तो संसदेत होता. आपल्याकडचा कुठला खासदार फावल्या वेळात भूमिती करत असेल तर मला जरूर कळवा. 1880 मध्ये पक्षाच्या अधिवेशनात तो दुसऱ्याच उमेदवाराची शिफारस करायला उभा राहिला आणि 36 व्या फेरीअखेर उमेदवारी त्याच्याच गळ्यात पडली.

4 मार्च 1881 ला शपथ आणि 2 जुलैला गोळी. चार्ल्स गिटो नावाच्या माणसाची समजूत होती की आपल्या एका भाषणामुळेच गारफिल्ड निवडून आला, तेव्हा पॅरिसमधलं वाणिज्यदूताचं पद आपल्याला मिळालंच पाहिजे. तेव्हाची रीतच तशी होती. सरकार बदललं की पोस्टमास्तरापासून कारकुनापर्यंत सगळ्या जागा पक्षाच्या माणसांना वाटायच्या. गिटो रोज चकरा मारायचा, आणि शेवटी परराष्ट्रमंत्री ब्लेन त्याच्यावर खेकसला. मग देवानंच आपल्याला सांगितलं, असं म्हणून त्यानं हस्तिदंती मुठीचं रिव्हॉल्वर विकत घेतलं. मूठ हस्तिदंतीच का? पुढे संग्रहालयात ठेवलं तर शोभून दिसावं म्हणून. वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात त्यानं पाठीमागून दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत उजव्या बाजूला शिरली. राष्ट्राध्यक्षाबरोबर ब्लेन होता, दोन मुलं होती, अंगरक्षक एकही नव्हता.

इथून पुढचं मी माझ्या नजरेनं वाचते. पहिला डॉक्टर टाऊनसेंड. त्यानं तिथेच, स्टेशनच्या जमिनीवर, जखमेत बोट घातलं. मग गादीवर घालून गारफिल्डला वरच्या मजल्यावरच्या खोलीत नेलं. लिंकनचा मुलगा रॉबर्ट तेव्हा युद्धमंत्री होता, त्यानं गाडी पाठवून डॉ. ब्लिसला बोलावून घेतलं. या ब्लिसचं पाळण्यातलं नावच ‘डॉक्टर’ होतं. आईबापांनी हौसेनं तेच ठेवलं होतं. ब्लिसनं आल्या आल्या प्रोब घातला. गोळी लागल्यावर आवाज यावा किंवा खूण उमटावी म्हणून चिनी मातीचं टोक असलेली ती सळई असते. ती मोडलेल्या बरगडीच्या तुकड्यांत अडकली. ओढून काढली आणि मग करंगळी घातली. हात धुतल्याचा कुठे उल्लेख नाही. ना साबण, ना कार्बोलिक, आणि गारफिल्ड पूर्ण शुद्धीवर.

त्या खोलीत डॉ. चार्ल्स पर्विस हजर होता. हॉवर्ड विद्यापीठात शिकवणारा कृष्णवर्णीय डॉक्टर. त्यानं रुग्णाला ब्लँकेटं पांघरायला लावली, पायाशी गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायला सांगितल्या. शॉकमधल्या माणसाला आम्हीही आधी ऊबच द्यायचो. ही तपासणी आता पुरे करा, असंही त्यानं ब्लिसला सांगून पाहिलं, हे मी कँडिस मिलार्ड यांच्या गारफिल्डवरच्या पुस्तकात वाचलं. 1881 सालच्या वॉशिंग्टनमध्ये काळ्या डॉक्टरनं गोऱ्या डॉक्टरला थांबवायचं, म्हणजे काय धाडस असेल ते! ब्लिसनं लक्ष दिलं नाही.

‘तेव्हा जंतूंचं कुणाला माहीत होतं?’ असं कुणी म्हणेल. पण ब्रिटिश सर्जन लिस्टरनं जंतू मारणाऱ्या कार्बोलिक ॲसिडचे निष्कर्ष 1867 मध्येच छापले होते. 1876 मध्ये तो स्वतः फिलाडेल्फियात येऊन अमेरिकन डॉक्टरांसमोर तासन् तास बोलला होता. युरोपातल्या कित्येक रुग्णालयांत त्याची पद्धत रुळली होती. अमेरिकेतल्या जुन्या खोडांना ती पटत नव्हती, एवढंच. न दिसणाऱ्या किड्यांना काय घाबरायचं, असा त्यांचा सूर. गोळी नेमकी कुठे आहे हे कळायला ब्लिसकडे एक्स-रे नव्हता, तो पुढे 1895 मध्ये आला. त्याबद्दल मी त्याला बोल लावत नाही. पण यादवी युद्धातले कितीतरी सैनिक अंगात गोळी घेऊन हिंडत होते, संसार करत होते. ब्लिस त्याच युद्धातला लष्करी सर्जन. गोळी आत राहिली म्हणून माणूस मरतोच असं नाही, हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं.

व्हाइट हाऊसमध्ये आणल्यावर ब्लिसनं खोलीचा ताबा घेतला. गारफिल्डचा नेहमीचा डॉक्टर बॅक्स्टर आला, त्याला दारातूनच परत पाठवलं. डॉ. सुझन एडसन ही राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीची डॉक्टर. तिनं युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा केलेली होती. तिला आत राहू दिलं, पण नर्सच्या कामासाठी. उश्या बदला, वारा घाला, पाणी द्या. माझा राग नर्सच्या कामावर नाही, ते मी आयुष्यभर केलं. पण खोलीत एक डॉक्टर असताना तिचं मत विचारायचं नाही आणि तिच्या हातात पंखा द्यायचा, हा खास त्या काळचा शहाणपणा. (दोनच वर्षांनी आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचल्या. अमेरिकेतल्या लेडी डॉक्टरची किंमत तेव्हा काय होती, हे एडसनच्या हातातल्या पंख्यावरून कळावं.)

मग सुरू झाली बुलेटिनं. रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ: नाडी इतकी, ताप इतका, श्वास इतके, रुग्णाला आराम वाटतोय. आपल्याकडे ‘प्रकृती स्थिर, उपचारांना उत्तम प्रतिसाद’ असं छापून येतं ना, त्याची ही पणजी. सगळा देश वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर उभा राहून ते वाचत होता. इकडे जखमेतून पू येत होता, अंगाला थंडी वाजून ताप चढत होता. पू सुटतोय म्हणजे जखम बरी होतेय, अशीही एक समजूत डॉक्टरांत होती. ते गळू कापायचे, नळी घालायचे आणि पुन्हा बोट घालायचे. गोळी यकृताकडे उजवीकडेच गेली असणार, हे ब्लिसनं पहिल्या दिवशी ठरवून टाकलं होतं. पाणी नाही तिथे बोअर मारत राहावं, तसं ते त्याच बाजूला खोदत राहिले. पुवाची वाट लांबत लांबत मांडीच्या सांध्यापर्यंत गेली. ती त्यांना गोळीचीच वाट वाटली.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल धावून आला. टेलिफोन काढून पाचच वर्षं झाली होती. धातू जवळ आला की टेलिफोनमध्ये घुंई आवाज येईल असं यंत्र त्यानं खपून बनवलं, अंगात गोळी असलेल्या जुन्या सैनिकांवर तपासलं, ते चाललं. व्हाइट हाऊसमध्ये मात्र सगळ्याच बाजूंनी घरघर ऐकू आली, कारण गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय ब्लिसनं त्याला फक्त उजवी बाजू तपासू दिली. गोळी होती डावीकडे, स्वादुपिंडाच्या मागे. शरीरानं तिच्याभोवती कवच करून तिला गप्प बसवलं होतं. बेलसारखा माणूस खोलीत उभा आहे, हातात यंत्र आहे, आणि ते यंत्र कुठे फिरवायचं हे ठरवणार तोच, ज्याला आपलं म्हणणं खरं ठरवायचं आहे!

अन्न पोटात ठरेना, म्हणून गुदमार्गे मांसाचा रस, अंडी, दूध, व्हिस्की. पंच्याण्णव किलोच्या आसपासचा धिप्पाड गडी साठीवर आला. 6 सप्टेंबरला त्याला समुद्राची हवा मिळावी म्हणून न्यू जर्सीला नेलं. एल्बेरॉनच्या बंगल्याच्या दारापर्यंत लोकांनी रातोरात जवळजवळ किलोमीटरभर रूळ टाकले. शेवटच्या चढावर इंजिन चढेना तेव्हा डबा हातांनी ढकलला. 19 सप्टेंबरला रात्री तो गेला, गोळी लागल्यापासून 79 दिवसांनी. शवविच्छेदनात गोळी सापडली ती डावीकडे. कण्याचा एक मणका भेदून गेली होती, पण मज्जारज्जू शाबूत. प्लीहेच्या रोहिणीचा फुगवटा फुटून रक्त गेलं होतं, आणि अंगभर पुवाचं साम्राज्य. आजच्या सर्जनांपैकी बहुतेकांचं मत असं की सुरुवातीलाच ती जखम स्वच्छ ठेवून एकटी सोडली असती, तर गारफिल्ड वाचण्याची चांगली शक्यता होती.

आता माझी एक गोष्ट. आमच्या रुग्णालयात रात्री एका वजनदार माणसाला अपघातानंतर आणलं. त्यांचं नाव सांगणार नाही. पाच मिनिटांत कॅज्युअल्टीत पेशंटपेक्षा पांढरे शर्ट जास्त. कुणी मोबाइलवर ‘साहेब ठीक आहेत’ सांगतंय, कुणी मुंबईहून डॉक्टर निघालाय म्हणतंय. थिएटरमध्ये तीन सर्जन, आणि तिघेही जरा जास्तच मृदू बोलणारे. एरवी अशा केसला कपडे कापून टाकायला आम्ही सेकंद लावायचो नाही. त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, ‘जरा सांभाळून, सफारी नवी आहे.’ मी कात्री चालवली. मग स्क्रब झालेल्या एका सरांचा हात टेबलाच्या कडेखाली, निर्जंतुक नसलेल्या चादरीला लागला. त्यांनाही कळलं, मलाही. ते तसेच पुढे सरकले, कारण बाहेर लोक खोळंबले होते. मी म्हटलं, ‘सर, ग्लोव्ह बदलून घ्या.’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बाजूचा वॉर्डबॉय मामा दोन पावलं मागे सरला. पण ग्लोव्ह बदलले. पेशंट बरा होऊन घरी गेला. माझ्या त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात ‘स्वभाव हेकट’ असा शेरा आला.

मोठ्या माणसाला वाईट उपचार मिळतात, याला वैद्यकात नावच आहे: व्हीआयपी सिंड्रोम. वॉल्टर वाइनट्रॉब या मानसोपचारतज्ज्ञानं 1964 मध्ये ते मांडलं. त्याचं उलट टोक पाहायचं तर गारफिल्डनंतर शंभर वर्षांनी, 30 मार्च 1981 ला, त्याच वॉशिंग्टन शहरात राष्ट्राध्यक्ष रेगनवर गोळी झाडली गेली. ते जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रुग्णालयात स्वतःच्या पायांनी चालत आले आणि कोसळले. तिथल्या पथकानं सूट टराटरा कापला, सलाइन लावली, छातीत नळी घातली. कुठल्याही गोळी लागलेल्या माणसाला करतात तेच, त्याच क्रमानं. पथकाचे प्रमुख जोसेफ जिओर्डानो यांनी ही शिस्त आधीच घालून दिलेली होती. शस्त्रक्रियाही झाली, रक्त खूप गेलं होतं, तरी रेगन 11 एप्रिलला घरी गेले. वय सत्तर.

गारफिल्डच्या मृत्यूनंतर अमेरिकेनं काय केलं, हेही पाहू. नोव्हेंबरात गिटोवर खटला उभा राहिला. त्यानं कोर्टात तमाशाच मांडला, आणि आपण तर फक्त गोळी झाडली, मारलं डॉक्टरांनी, असंही सांगितलं. कोर्टानं ते ऐकलं नाही, ते योग्यच. गोळी झाडणाऱ्याची जबाबदारी डॉक्टरच्या चुकीनं धुऊन निघत नाही. 30 जून 1882 ला त्याला फाशी दिली. तो माणूस मनोरुग्ण होता, आज त्याला फासावर चढवलं नसतं, असं मला वाटतं. पण मुद्दा तो नाही. वेड्याच्या तोंडून आलं म्हणून ते वाक्य कायमचं निकालात निघालं, हा मुद्दा आहे. ब्लिसनं सरकारकडे 25,000 डॉलरचं बिल लावलं. संसदेनं 6,500 देऊ केले, ते त्यानं रागानं नाकारले. शिक्षा म्हणाल तर एवढीच.

कायदा मात्र चांगला झाला. गारफिल्डच्या जागी राष्ट्राध्यक्ष झालेला उपाध्यक्ष चेस्टर आर्थर म्हणजे त्याच नोकऱ्यावाटपाच्या यंत्रणेत वाढलेला. न्यूयॉर्कच्या जकात खात्याची सोन्याची खुर्ची त्याला पक्षानं दिली होती. हा काय सुधारणा करणार, असं सगळे म्हणत. ज्युलिया सँड नावाची न्यूयॉर्कची एक आजारी, ओळखपाळख नसलेली बाई त्याला पत्रं लिहून खडसावत राहिली, सुधार म्हणून. ती पत्रं त्यानं जपून ठेवली. जानेवारी 1883 मध्ये पेंडल्टन कायद्यावर त्यानं सही केली: सरकारी नोकरी परीक्षेतून, पक्षासाठी कर्मचाऱ्यांकडून वर्गणी उकळणं बंद. सुरुवातीला दहातली एखादी जागाच त्याखाली आली, पण चाक फिरलं. गिटोसारखा नोकरीसाठी वेडा झालेला माणूस दिसला, तेव्हा त्याला वेडं करणारी रीतही दिसली. खोलीतली रीत कुणाला दिसली नाही, कारण तिथे बसलेले सगळे मान्यवर होते.

ती बदलली, पण हळूहळू. टॉमस ईकिन्सची दोन चित्रं शेजारी ठेवून पाहा. 1875 च्या चित्रात डॉ. ग्रॉस काळ्या कोटात उभा आहे, उघडा हात रक्तानं माखलेला. 1889 च्या चित्रात डॉ. ॲग्न्यू आहे. हा तोच ॲग्न्यू, जो गारफिल्डला तपासायला फिलाडेल्फियाहून आला होता आणि ज्यानं त्याची गळवं उघडली होती. इथे डॉक्टर पांढऱ्या कपड्यांत आहेत, आणि टेबलाजवळ एक नर्स उभी आहे, ताठ, नजर पेशंटवर. ग्लोव्ह अजून कुणाच्याच हातात नाहीत. रबरी ग्लोव्ह साधारण त्याच सुमारास जॉन्स हॉपकिन्समध्ये आले, आणि आले ते नर्समुळे. कॅरोलिन हॅम्प्टन या थिएटर नर्सचे हात औषधाच्या पाण्यानं सोलवटायचे, म्हणून सर्जन हॉल्स्टेडनं गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी करून घेतले. पुढे लग्नही तिच्याशीच केलं.

त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये 2001 साली पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेत नळी घालताना करायच्या पाच गोष्टींचा कागद केला. पहिली गोष्ट, साबणानं हात धुणे! नर्सना नुसतं पाहायला सांगितलं, तर एक तृतीयांशाहून जास्त पेशंटच्या वेळी डॉक्टरांनी एखादी पायरी गाळली. मग व्यवस्थापनानं हुकूम काढला: पायरी गाळली तर नर्सनं डॉक्टरला थांबवायचं. नळीतून होणारा संसर्ग वर्षभरात 11 टक्क्यांवरून शून्यावर आला. कागद त्यात होता, पण खरी करामत हुकमाची. पुढे जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची शस्त्रक्रिया यादी आली, तिचे कर्ते अतुल गावंडे. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, सर्जन म्हणून स्थिरावले ओहायोत, गारफिल्डच्याच राज्यात. ही यादी आठ शहरांत वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती. मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले.

ती यादी आपल्या रुग्णालयांतही पोहोचली आहे. मी ती किती ठिकाणी कशी भरलेली पाहिली आहे, ते विचारू नका. सगळ्या चौकटींत एकाच पेनानं, एकाच झटक्यात बरोबरच्या खुणा. कधी पेशंट टेबलावर यायच्या आधी, कधी रात्री ड्युटी संपताना. ज्युनिअर सिस्टर ती भरते, कारण मोठ्या सरांना ‘तुमचं नाव आणि भूमिका सांगा’ असं विचारायची तिची छाती होत नाही. नवीन इमारती, मॉड्युलर थिएटर, सीसीटीव्ही, सगळं मागा. मी आरोग्य खात्याकडे एक परिपत्रक मागते, एका पानाचं. थिएटरमध्ये किंवा वॉर्डात हात धुतले नाहीत, ग्लोव्ह दूषित झाला, यादी गाळली, तर सिस्टर, ब्रदर किंवा ड्रेसर काम थांबवू शकेल, पेशंट कुणीही असो. आणि थांबवणाऱ्याच्या गोपनीय अहवालात ‘हेकट’ लिहायचं झालं, तर लिहिणाऱ्या अधिकाऱ्यानं त्या दिवशी काय घडलं होतं तेही खाली, तारखेसह, सही करून लिहावं.